पारख्यांच्या मागावर

१९८३ सालची गोष्ट. बीबीसीच्या ‘रेडिओ वन’ वाहिनीवरचा निवेदक जॉन पील बोलता बोलता म्हणाला की आत्ता कुणी मशरूम बिर्याणी आणून दिली तर काय बहार येईल. ते ऐकणाऱ्यांत बिली ब्रॅग नावाचा एक तरुण गायक होता. त्याची पहिली तबकडी नुकतीच निघाली होती आणि त्याला काळं कुत्रंही ओळखत नव्हतं. त्याने बिर्याणी घेतली, सोबत तबकडी घेतली आणि थेट बीबीसी गाठलं. पीलने त्याचं गाणं लावलं खरं, पण चुकीच्या गतीवर. तरीही ब्रॅगचं काम झालं.

किस्सा मजेशीर आहे, पण त्यामागची व्यवस्था त्याहून महत्त्वाची आहे. पील १९६७पासून २००४मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सदतीस वर्षं, त्याच वाहिनीवर होता. कुठल्या कुठल्या गावांतली पोरं घरच्या घरी रेकॉर्ड केलेल्या कॅसेटी त्याला पोस्टाने पाठवायची आणि तो त्या ऐकायचा. १९७८मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरातल्या ‘द अंडरटोन्स’ या अनोळखी बँडचं ‘टीनेज किक्स’ त्याने लावलं आणि संपताक्षणी तेच गाणं पुन्हा लावलं. त्या काळी बीबीसीला दिवसाकाठी ठरावीक तासच तबकड्या वाजवता येत, कारण वादकांची संघटना आणि रेकॉर्ड कंपन्या यांच्याशी तसे करार होते. उरलेला वेळ भरायला वादकांना स्टुडिओत बोलावून त्यांच्याकडून गाणी रेकॉर्ड करून घ्यावी लागत. पीलने या अडचणीचं सोनं केलं. नव्या बँडना बोलवायचं, एका दिवसात साधारण चार गाणी उरकायची आणि पुढे रात्रीच्या कार्यक्रमात ती ऐकवायची. अशी चार हजारांहून अधिक सत्रं झाली आणि त्यांत दोन हजारांहून अधिक कलाकार वाजवून गेले.

पीलच्या श्रोत्याला दोन हजार बँड स्वतः हुडकावे लागले नाहीत. त्याने एक पारखी हुडकला आणि त्याचं बोट धरलं. नवं संगीत किंवा नवी चित्रं शोधणाऱ्याने पहिल्यांदा शिकायची गोष्ट हीच. नवे कलाकार सुटे सुटे उगवत नाहीत. कोकणात पहिल्या पावसानंतर अळंबी जशी दरवर्षी त्याच वारुळापाशी घोसाने येते, तसे ते येतात. जागा माहीत असलेला माणूस रान पालथं घालत बसत नाही. या प्रकरणात अशा काही जागा आणि तिथवर नेणाऱ्या वाटा पाहू.

यंत्राला काय कळतं

‘आता मोबाइलच सगळं सुचवतो की!’ असं कुणीही म्हणेल. ते खोटं नाही. स्पॉटिफायने २०१५मध्ये ‘डिस्कव्हर वीकली’ सुरू केलं. दर सोमवारी प्रत्येक श्रोत्यासाठी तीस गाण्यांची ताजी यादी. त्यामागची मुख्य युक्ती समजायला सोपी आहे. लाखो लोक स्वतःच्या याद्या बनवतात. एका यादीत अमुक दोन गाणी शेजारी आली, दुसऱ्या हजार याद्यांतही तीच जोडी दिसली, की यंत्र समजतं, यांचं काहीतरी नातं आहे. तुमच्या यादीत जोडीतलं एकच गाणं असेल तर दुसरं तुमच्यापुढे येतं.

यातच यंत्राची मर्यादा दडलेली आहे. कालच प्रसिद्ध झालेलं गाणं अजून कुणाच्याच यादीत नसतं, मग त्याची जोडी लागणार कुठून? शिफारस यंत्रणा बांधणारे याला ‘कोल्ड स्टार्ट’ म्हणतात. गाडी गरम झाल्याशिवाय इंजिन पकडत नाही. गाण्याचे सूर, ठेका, आवाजाचा पोत मोजून यंत्र थोडाफार अंदाज बांधतं, पण कुणीतरी आधी ऐकलेल्यालाच ते मनापासून पुढे करतं. आणि २०२४पासून स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत एखादं गाणं हजार वेळा वाजलं नसेल, तर त्यापोटी मानधन मिळत नाही. उंबरठ्यावरच्या कलाकाराला हा हजाराचा आकडा म्हणजे डोंगर.

बँडकॅम्प हे संकेतस्थळ वेगळ्या पद्धतीने चालतं. २००८ सालचं हे दुकान आहे. कलाकार स्वतःच आपलं गाणं विकायला ठेवतो, किंमतही त्याचीच. डिजिटल विक्रीतले साधारण पंधरा टक्के बँडकॅम्प घेतं. पण शोधकाच्या दृष्टीने खरा खजिना अल्बमच्या पानावरच असतो. तो अल्बम विकत घेतलेल्या माणसांची छोटी छोटी चित्रं तिथे रांगेने दिसतात. त्यातल्या एकावर टिचकी मारली की त्या माणसाने आजवर काय काय खरेदी केलंय ते उघडतं. तुम्हाला आवडलेला अल्बम त्याने पैसे मोजून घेतला, तर त्याच्या संग्रहातल्या बाकीच्या दोनशे अल्बमांत तुमच्या कामाचं काही असण्याची शक्यता दांडगी. इथे तुम्ही यंत्राच्या नादी न लागता थेट एका कानसेनाच्या कपाटात डोकावता.

श्रेयनामावलीचा धागा

दुसरी वाट फुकटची आणि बिनचूक आहे, तरी बहुतेक जण ती वापरत नाहीत. गाण्याखाली लिहिलेली नावं वाचायची.

एक उदाहरण धरून चालू. २०१४मध्ये कुर्ल्याच्या नेझी या पोराने आयपॅडवर ‘आफत’ हे गाणं करून टाकलं. २०१५मध्ये त्याचं आणि डिव्हाइनचं ‘मेरे गली में’ आलं. पुढे ‘गली बॉय’ चित्रपटामुळे ते घराघरांत गेलं आणि इथवरची गोष्ट सर्वांना ठाऊक झाली. पण ‘मेरे गली में’चं संगीत कुणी बांधलं, हे किती जणांनी पाहिलं? सेझ ऑन द बीट. हे नाव धरून पुढे गेलं की माग दिल्लीला लागतो. २०१७मध्ये प्रभ दीपचा ‘क्लास-सिख’ आला, त्याची बांधणी सेझची. २०१८मध्ये ‘सीधे मौत’ या दोघांचा ‘बयान’, तीही सेझची. २०१९मध्ये श्रीनगरच्या अहमरचा ‘लिटल किड, बिग ड्रीम्स’, पुन्हा सेझ. एका नावाच्या आधाराने कुर्ला, दिल्ली, श्रीनगर असा प्रवास झाला. भाषा बदलली, राग बदलला, शहराचा वास बदलला. ठेक्यामागची बोटं तीच.

आता याच अल्बमांवरचं दुसरं नाव पाहा. हे तिन्ही ‘आझादी रेकॉर्ड्स’ने काढले. २०१७मध्ये दिल्लीत सुरू झालेली ही छोटी कंपनी. तिच्या यादीत खाली उतरत गेलं की २०२०मधला ‘चेतावनी’ भेटतो, आणि तो आपल्याला परत मुंबईत आणून सोडतो. ‘स्वदेसी’ या मुंबईकर चमूचा हा अल्बम. या चमूतला एमसी मवाली मराठीत रॅप करतो. ‘स्वदेसी’ने २०१९मध्ये आरेच्या जंगलात राहणारे आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ केलं. मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडं तोडण्याचा वाद तेव्हा पेटला होता. एरवी ज्याला मराठी रॅप म्हटलं की हळदीच्या मांडवातला डीजेच आठवतो, असा श्रोता फक्त नावं वाचत वाचत इथवर पोचतो.

लोकप्रिय गाण्यात गायकाचं नाव मोठं असतं. नव्या, स्वतंत्र संगीतात मात्र संगीत बांधणारा, मिक्सिंग करणारा, कव्हरचं चित्र काढणारा आणि अल्बम काढणारी छोटी कंपनी, ही चार नावं अधिक कामाची. पैसा नसतो, म्हणून ही मंडळी एकमेकांची कामं करतात. कव्हरचं चित्र काढणाऱ्याचं नाव धरलं तर आपण गाण्यातून सरळ चित्रकलेत शिरतो. दोन्ही दुनियांमधली भिंत तिथे अगदी पातळ असते.

चौकटीवाल्याचं दुकान

चित्रकलेत ही वाट जुनीच आहे आणि तिचा सर्वांत चांगला दाखला मुंबईतच आहे.

१९४७मध्ये सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि शिल्पकार बाकरे यांनी ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ काढला. आज यांच्या चित्रांचे लिलाव कोटींत होतात. तेव्हाचं चित्र निराळं होतं. सूझा मूळचे गोव्याचे, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून काढून टाकलेले. हुसेन सिनेमाची पोस्टरं रंगवत. आरा यांनी घरगडी म्हणून कामं केली होती, मोटारी पुसल्या होत्या. यांच्या मागे कोण उभं राहिलं? मुख्यतः हिटलरच्या युरोपातून निघून मुंबईत आलेली तीन माणसं. वॉल्टर लँगहॅमर ‘टाइम्स ऑफ इंडिया’त कला संचालक होते, त्यांच्या घरी तरुण चित्रकारांची बैठक जमे, चित्रं पाहिली जात, तासली जात. रुडी फॉन लायडन वर्तमानपत्रात त्यांच्यावर लिहीत. इमॅन्युएल श्लेसिंगर औषधांच्या व्यवसायातले. ते चित्रं विकत घेत. एक शिकवणारा, एक लिहिणारा, एक विकत घेणारा. एवढ्या तिघांवर आधुनिक भारतीय चित्रकलेचा मोठा भाग उभा राहिला.

चौथा माणूस इथलाच होता. केकू गांधी केंब्रिजमध्ये शिकत होते. सुट्टीत घरी आले आणि दुसरं महायुद्ध सुरू झाल्याने परत जाता आलं नाही. १९४१मध्ये त्यांनी चित्रांच्या चौकटी बनवायचा कारखाना काढला, नाव ‘केमोल्ड’. प्रिन्सेस स्ट्रीटच्या दुकानात चौकटी दाखवायच्या तर आत काहीतरी हवं, म्हणून त्यांनी या तरुण चित्रकारांची कामं चौकटीत बसवून खिडकीत लावायला सुरुवात केली. चौकट घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आरांचं चित्र बघून जाऊ लागलं. १९६३मध्ये केकू आणि खोर्शेद गांधी यांनी जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर ‘गॅलरी केमोल्ड’ सुरू केली. घाटकोपरच्या अतुल दोडियांचं पहिलं एकल प्रदर्शन १९८९मध्ये याच गॅलरीत झालं.

चौकटीवाला, छपाईवाला, शिल्पाचं ओतकाम करणारा, जहांगीरबाहेरच्या फुटपाथवर चित्रं मांडून बसणारा: यांना कुठला तरुण सध्या काय करतोय ते समीक्षकाच्या आधी माहीत असतं. त्यांच्याशी गप्पा मारायला प्रवेशिका लागत नाही.

कोळशाने काढलेल्या भिंती

जागेचं महत्त्व जवळून पाहायचं तर ‘क्लार्क हाऊस’चं उदाहरण पाहावं. २०१०मध्ये सुमेश शर्मा आणि झाशा कोला यांनी कुलाब्यात, रीगल सिनेमाच्या जवळ, एका जुन्या इमारतीत हा उपक्रम सुरू केला. झगमगाट नाही, विक्रीची घाई नाही. तरुणांनी यावं, राहावं, काम करावं, भांडावं.

२०१२मध्ये तिथे प्रभाकर पाचपुते या पंचविशीतल्या कलाकाराचं एकल प्रदर्शन झालं. पाचपुते चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती गावचे. घरातली माणसं कोळसा खाणीत राबलेली. शिक्षण खैरागढ आणि बडोद्याला, तेही शिल्पकलेचं. हातात घेतला तो मात्र कोळसा. जमिनीखालून आलेली वस्तू घेऊन त्यांनी जमिनीखाली राबणाऱ्यांची चित्रं थेट भिंतीवर काढली. माणसांची धडं माणसांचीच, पण डोक्याच्या जागी कधी अवजार, कधी दिवा, कधी यंत्राचा भाग. प्रदर्शन संपलं की भिंत रंगवून टाकायची. चित्र उरत नाही, पाहणाऱ्याच्या डोक्यात राहिलं तेवढंच. असं काम नंतर फोटोत बघून कळत नाही. तिथे त्या आठवड्यात असावं लागतं.

२०१४मध्ये पाचपुते साओ पाउलोच्या बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कला प्रदर्शनात, होते आणि कोचीच्याही. २०२१मध्ये वेल्समधला ‘आर्टेस मुंडी’ पुरस्कार सहा जणांना विभागून मिळाला, त्यांत ते एक. पण कुलाब्यात २०१२मध्ये दार ढकलून आत गेलेल्या माणसाला फक्त पाचपुतेच भेटले नाहीत. त्याच घोळक्यात योगेश बर्वे होते, अमोल पाटील होते. अमोल पाटलांचे आजोबा पोवाडे करायचे, वडील नाटकं लिहायचे. त्यांच्या कामात चाळ आहे, सफाई कामगार आहे. २०२२मध्ये ते जर्मनीतल्या कासेलच्या ‘डॉक्युमेंटा’ या प्रदर्शनात पोचले. एका जागेत तीन कलाकार. म्हणूनच एकल प्रदर्शनापेक्षा समूह प्रदर्शनाला जाणं शहाणपणाचं. दहा जणांतला एक आवडला तर पुढच्या वेळी तो कुणाबरोबर मांडतोय ते पाहायचं.

अशा जागा कायमच्या नसतात. मुंबईच्या रंगभवनात १९८६पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा संगीत महोत्सव गाजला. शांतता क्षेत्राचे नियम आले आणि तिथला आवाज बंद झाला. लोअर परळच्या गिरणी आवारातला ‘ब्लू फ्रॉग’ हा संगीत क्लब २००७मध्ये उघडला आणि २०१६मध्ये मिटला. जागा बंद पडली की तिथली माणसं कुठे गेली याची चौकशी करावी. वारूळ मोडतं, पण बी आसपासच कुठेतरी पडलेलं असतं.

दोन पगारांतला एक

‘चित्रं विकत घेणं आपल्या आवाक्याबाहेरचं’ असं वाटणाऱ्यांनी न्यूयॉर्कचे हर्बर्ट आणि डोरोथी व्होगेल माहीत करून घ्यावेत. तो टपाल खात्यात कारकून, ती ग्रंथपाल. १९६२मध्ये लग्न झालं. तिच्या पगारात घर चालवायचं आणि त्याच्या पगारात चित्रं घ्यायची, असा संसार. नियम दोन: परवडलं पाहिजे आणि एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये मावलं पाहिजे. त्यामुळे ते प्रसिद्ध चित्रकारांच्या वाटेला गेले नाहीत. ज्यांना कुणी विचारत नव्हतं अशांच्या स्टुडिओत जायचे, सगळं काम काढून दाखवा म्हणायचे आणि हप्त्याहप्त्याने पैसे फेडायचे. सोल लेविट हा कलाकार पुढे जगप्रसिद्ध झाला. त्याच्या अगदी सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत हे दोघे होते. ख्रिस्तो आणि जाँ-क्लोद हे कलाकार जोडपं परगावी गेलं असताना त्यांची मांजर व्होगेलांनी सांभाळली, त्या बदल्यात व्होगेलांना एक चित्र मिळालं.

पलंगाखाली, कपाटात, छताला टांगून, जमेल तिथे चित्रं ठेवली. १९९२मध्ये हा संग्रह वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीकडे सोपवायचं ठरलं. पुढे २००८मध्ये अमेरिकेच्या पन्नास राज्यांतल्या पन्नास संग्रहालयांना प्रत्येकी पन्नास कामं देण्याची योजना जाहीर झाली. या दोघांनी एकही चित्र विकून नफा कमावला नाही.

त्यांच्याकडून घ्यायची ती शिस्त. एकदा आवडलेल्याकडे पुन्हा पुन्हा जायचं आणि त्याचं फसलेलं कामही बघायचं. मोठं तैलचित्र नाही परवडत, मग रेखाटन घ्या, छापाचित्र घ्या. अल्बमच्या पूर्ण किमतीचे पैसे नसतील तर एक गाणं विकत घ्या. घासाघीस मात्र करू नका. पंचवीस वर्षांच्या पोराला मिळालेले ते पैसे त्याचे पुढचे कागद आणि रंग असतात.

कुठून सुरुवात करावी

सर्वांत सोपी सुरुवात म्हणजे कला महाविद्यालयाचं वार्षिक प्रदर्शन. जे. जे. १८५७ सालचं, पण दर वर्षी तिथे जे मांडलं जातं ते विशीतल्या पोरांचं असतं आणि ती पोरं आपापल्या कामाशेजारी उभी असतात. त्यांना ‘याचा अर्थ काय?’ असं विचारू नका. ‘हे कशाने केलं?’ विचारा. पहिल्या प्रश्नावर ती गडबडतात, दुसऱ्यावर अर्धा तास बोलतात. कोचीच्या बिएनालेत २०१४पासून विद्यार्थ्यांचं स्वतंत्र प्रदर्शन भरतं. २०१२मध्ये ही बिएनाले सुरू करणारे बोस कृष्णमाचारी आणि रियास कोमू दोघेही जे.जे.चेच. पणजीत २०१६पासून डिसेंबरात सेरेंडिपिटी महोत्सव होतो. तिथे चित्रं आणि गाणी एकाच फेरीत पाहता-ऐकता येतात.

संगीत महोत्सवाला जायचं तर दुपारी जा. २०१०मध्ये पुण्यात सुरू झालेल्या एनएच सेव्हन वीकेंडरसारख्या महोत्सवात रात्रीचा मोठा बँड सर्वांना ठाऊकच असतो. जाहिरातीत सर्वांत बारीक अक्षरांत ज्यांची नावं छापतात, ते दुपारच्या उन्हात, अर्ध्या रिकाम्या मैदानापुढे वाजवतात. वाजवून झालं की तेच केबल गुंडाळत असतात. तेव्हा जाऊन विचारावं, तुम्ही सध्या कुणाला ऐकता? कलाकाराने दिलेली शिफारस सहसा फुकट जात नाही.

ऐकताना-बघताना थोडा धीर धरावा. नवं काम पहिल्या भेटीत आवडलं नाही म्हणजे ते वाईट असतंच असं नाही. कधी कधी कानाला त्याची सवय नसते. पण तीनदा ऐकूनही काहीच हललं नाही तर खुशाल सोडून द्यावं. नवं आहे म्हणून डोक्यावर घेणं हीसुद्धा फॅशनच.

आणि सापडलेलं दडवून ठेवू नये. ‘मी त्याला कुणी ओळखत नव्हतं तेव्हापासून ऐकतोय’ या फुशारकीचा कलाकाराला कवडीचाही उपयोग नाही. वर पाहिलं तसं यंत्रालासुद्धा आधी कुणीतरी ऐकलेलं लागतं. तुम्ही बनवलेली यादी, मित्राला पाठवलेला दुवा, घरातल्या भिंतीवर लावलेलं आणि पाहुण्यांना नावासकट सांगितलेलं चित्र यांतूनच तो पहिला हजाराचा डोंगर चढला जातो. पीलकडे बीबीसीचं प्रक्षेपण होतं, केकू गांधींकडे दुकानाची खिडकी. आपल्याकडे फोनमधले शंभर-दोनशे संपर्क आहेत. एवढ्यावर एखाद्याचा दुसरा अल्बम किंवा दुसरं प्रदर्शन होऊ शकतं, आणि बहुतेक नव्या कलाकारांची गाडी अडते ती दुसऱ्यापाशीच.